चारशे किलोमीटर फायबर आणि शंभर फेम्टोसेकंदांची पल्स

एका एम.टेक.च्या विद्यार्थ्याचा प्रश्न असा आहे: १० गिगाबिट प्रतिसेकंदाची, ४०० किलोमीटरची लिंक डिझाइन करायची आहे. साधं सिंगल-मोड फायबर, तरंगलांबी १५५० नॅनोमीटर. पल्सचा स्रोत म्हणून १०० फेम्टोसेकंदांचा मोड-लॉक्ड (अतिआखूड पल्सची माळ सोडणारा) फायबर लेझर निवडला आहे, कारण पल्स जितकी अरुंद तितके जास्त बिट मावतील. ही निवड बरोबर आहे का? आणि डिस्पर्शनचा (वेगवेगळे रंग वेगवेगळ्या वेगाने धावल्यामुळे पल्स पसरण्याचा) त्रास झालाच तर सॉलिटॉनने (आकार टिकवून धावणाऱ्या पल्सने) तो सुटेल का?

निवड बरोबर नाही. पण चूक स्वाभाविक आहे. पहिल्या नोकरीला लागेपर्यंत मीही असाच विचार करत होतो. १० गिगाबिटला एका बिटच्या वाट्याला १०० पिकोसेकंद येतात. त्यात १०० फेम्टोसेकंदांची (पिकोसेकंदाच्या दहाव्या भागाची) पल्स म्हणजे मोकळ्या मैदानात ठोकलेली एक खुंटी, आजूबाजूला जागाच जागा. पण पल्सची रुंदी ही अर्धीच गोष्ट आहे. त्या पल्समध्ये रंग किती भरले आहेत, यावर फायबर तिचं काय करणार ते ठरतं.

पल्स आखूड केली की तिचा स्पेक्ट्रम पसरतो. हे फूरिएचं गणित आहे, त्यातून सुटका नाही. गॉसियन पल्सची रुंदी आणि तिची बँडविड्थ यांचा गुणाकार ०.४४ च्या खाली जात नाही. तुमच्या १०० फेम्टोसेकंदांसाठी बँडविड्थ येते ४.४ टेराहर्ट्झ. आता सी-बँड, म्हणजे लांबच्या लिंकसाठी वापरायचा तरंगलांबींचा पट्टा, किती रुंद आहे? १५३० ते १५६५ नॅनोमीटर, म्हणजे तोही साधारण ४.४ टेराहर्ट्झच. ज्या पट्ट्यात डीडब्ल्यूडीएमवाले (एकाच फायबरमधून अनेक रंगांचे चॅनल पाठवणारे) ५० गिगाहर्ट्झच्या अंतराने ऐंशीहून जास्त चॅनल बसवतात, तो अख्खा पट्टा तुमची एकटी पल्स गिळते. तेही १० गिगाबिटसाठी.

आता डिस्पर्शन. साध्या फायबरचं डिस्पर्शन १५५० ला सुमारे १७ पिकोसेकंद प्रति नॅनोमीटर प्रति किलोमीटर असतं. पाठ्यपुस्तकातला बीटा-२ (डिस्पर्शनचंच दुसरं माप) त्यावरून उणे २१.७ पिकोसेकंद वर्ग प्रति किलोमीटर येतो. किती अंतरात पल्स मूळच्या १.४ पट रुंद होते ते काढा, त्यालाच डिस्पर्शन लांबी म्हणतात. १०० पिकोसेकंदांच्या गॉसियन पल्ससाठी ती सुमारे १६६ किलोमीटर येते, ५० पिकोसेकंदांसाठी ४१ किलोमीटर, १० पिकोसेकंदांसाठी पावणेदोन किलोमीटरच्या आत. १ पिकोसेकंदासाठी १७ मीटर. आणि तुमच्या पल्ससाठी १७ सेंटिमीटर, वीतभरसुद्धा नाही. लेझरच्या तोंडाला जोडलेल्या पिगटेलमध्येच ती फुटायला लागलेली असेल. लांबी रुंदीच्या वर्गाने बदलते, त्यामुळे पल्स दहापट आखूड केली की अंतर शंभरपट घटतं. हा वर्ग डोक्यात पक्का बसवा, पुढचं सगळं त्याच्यावर उभं आहे.

यावर तुम्ही म्हणाल, डीसीएफ, म्हणजे उलट डिस्पर्शनचं फायबर, लावून सगळं परत गोळा करू. कागदावर होतं. प्रत्यक्षात डिस्पर्शनलाही उतार असतो, प्रत्येक तरंगलांबीला ते थोडं वेगळं असतं, आणि चार-पाच टेराहर्ट्झ रुंद पल्समध्ये तो उतार उरतोच. शिवाय पीएमडी आहे, म्हणजे प्रकाशाच्या दोन ध्रुवीकरणांचा वेग किंचित वेगळा असल्याने होणारं पसरणं. फायबर चांगलं असेल, ०.१ पिकोसेकंद प्रति वर्गमूळ किलोमीटरवालं, तरी ४०० किलोमीटरला सरासरी २ पिकोसेकंद होतात. म्हणजे तुमच्या पल्सच्या वीसपट. इतक्या आखूड पल्स लांब पाठवता येतच नाहीत असं नाही. २००० साली एनटीटीमधल्या नाकाझावा यांच्या गटाने टाइम-डिव्हिजनने (पल्स वेळेत एकमेकींच्या मध्ये बसवून) १.२८ टेराबिट ७० किलोमीटर नेले होते. पण त्यासाठी त्यांना डिस्पर्शनची तिसरी आणि चौथी घातसुद्धा भरून काढावी लागली, आणि अंतर होतं सत्तर. तुमचं चारशे आहे.

मग लांब पल्ल्याला काय लागतं? ज्या पल्समध्ये तिच्या रुंदीला आवश्यक तेवढेच रंग आहेत आणि पल्सच्या सुरुवातीपासून शेवटपर्यंत रंग सरकत नाही, अशी पल्स. म्हणजे चर्प नसलेली, ट्रान्सफॉर्म-लिमिटेड. आखूडपणा नंतर, स्वच्छपणा आधी. ही पल्स मिळवण्याचा व्यवहारातला सर्वांत भरवशाचा मार्ग ऐकायला उलटा वाटतो: लेझरला पल्स करायलाच लावायचं नाही. तो अखंड तेवत ठेवायचा आणि उघडझाप करणारी झडप त्याच्या पुढे बसवायची.

झडप बाहेर का, हे कळायला लेझरच्या आत काय होतं ते बघावं लागेल. डीएफबी (एकाच रंगाचा प्रकाश देणाऱ्या सेमीकंडक्टर) लेझरचा करंट वरखाली करून पल्स काढणं सगळ्यात स्वस्त, अशा थेट मॉड्युलेट केलेल्या लेझरला आम्ही डीएमएल म्हणतो. करंट वाढला की आतल्या इलेक्ट्रॉन-होलची घनता क्षणभर वाढते. ती वाढली की अपवर्तनांक कमी होतो. अपवर्तनांक कमी झाला की लेझरची वारंवारता वर सरकते. म्हणजे पल्सचं तोंड निळसर आणि शेपूट तांबूस. हे सरकणं किती, ते हेन्रीच्या अल्फा या आकड्याने मोजतात. चार्ल्स हेन्री यांनी १९८२ मध्ये लेझरच्या लाइनविड्थचं (त्याच्या रंगाच्या रुंदीचं) गणित सोडवताना तो मांडला. नेहमीच्या डीएफबीला तो ३ ते ६ च्या आसपास असतो.

दैव असं की साध्या फायबरमध्ये १५५० ला निळा रंग वेगाने धावतो. आधीच पुढे असलेलं निळं तोंड आणखी पुढे पळतं, मागे असलेली तांबडी शेपूट आणखी मागे पडते. वारीत जोरात चालणारे तरुण मुद्दाम दिंडीच्या पुढे लावावेत आणि म्हातारी माणसं मागे, तर दिंडी संध्याकाळपर्यंत दोन गावांत पसरेल; तसलाच प्रकार. याच कारणाने एके काळी मेट्रोसाठी उणे डिस्पर्शनचं फायबर बाजारात आलं होतं. त्यात निळा रंग मागे रेंगाळतो, आणि डीएमएलची पल्स पसरायच्या आधी थोडी आवळली जाते. युक्ती छान होती, पण जमिनीत आधीच पुरलेलं फायबर कोण बदलणार?

डीएमएलची आणखी एक अडचण आहे, ती सिम्युलेशनमध्ये सहसा दिसत नाही. 'शून्य' पूर्ण काळं करायला लेझर थ्रेशोल्डच्या (पेटायला लागणाऱ्या किमान करंटच्या) खाली नेला, तर पुन्हा पेटायला त्याला वेळ लागतो. तो वेळ आधी किती शून्यं गेली यावर अवलंबून असतो, म्हणजे जिटर (पल्सच्या वेळेतली डळमळ) आला. पेटल्यावर तो काही क्षण हेलकावेही खातो. हे टाळायला बायस (कायम दिलेला करंट) थ्रेशोल्डच्या वर ठेवायचा, मग शून्य काळं न राहता राखाडी होतं आणि एक्स्टिंक्शन रेशो ('एक' आणि 'शून्य' यांच्या उजेडाचं गुणोत्तर) पडतो. दोन्हीपैकी एक दुखणं पत्करावंच लागतं. म्हणून २.५ गिगाबिटला डीएमएल शंभरेक किलोमीटर चालतो, पण १० गिगाबिटला १५५० वर दहा-वीस किलोमीटरांत त्याचा दम संपतो. १३१० ला डिस्पर्शन जवळपास शून्य, म्हणून दहा किलोमीटरवाले एसएफपी (छोटे ऑप्टिकल मॉड्यूल) तिथे निवांत असतात.

याच चौकात घडलेला एक किस्सा सांगतो. साधारण ६५ किलोमीटरची, १० गिगाबिटची एक लिंक सुरू करायची होती. हाताशी मॉड्यूल होते ४० किलोमीटरचे. पॉवर कमी पडेल म्हणून कुणीतरी रिसीव्हरच्या आधी अॅम्प्लिफायर बसवला होता. मीटर उणे ९ डीबीएम दाखवतोय आणि एरर थांबत नाहीत. रात्री दोन वाजेपर्यंत कनेक्टर पुसले, पॅच कॉर्ड बदलल्या, एक स्प्लाइस पुन्हा मारला. "पॉवर भरपूर आहे, मग एरर का?" हे वाक्य त्या रात्री मी दहा वेळा ऐकलं. उत्तर मॉड्यूलच्या डेटाशीटवर छापलेलं होतं: डिस्पर्शन सहनशीलता ८०० पिकोसेकंद प्रति नॅनोमीटर. फायबरचं होत होतं ११०० च्या वर. पॉवर वाढवून पसरलेली पल्स आखूड होत नाही, ती फक्त जास्त उजळ पसरलेली दिसते. सकाळी ८० किलोमीटरवाले मॉड्यूल आले आणि लिंक पाच मिनिटांत स्वच्छ झाली.

ते ८० किलोमीटरवाले मॉड्यूल म्हणजे बहुतेक वेळा ईएमएल. एकाच इंडियम फॉस्फाइडच्या चिपवर अखंड चालणारा डीएफबी आणि त्याच्या पुढे प्रकाश शोषणारी झडप. दोनेक व्होल्टमध्ये काम होतं, चर्प डीएमएलपेक्षा बराच कमी. या शोषक झडपेला बिटऐवजी नुसती साइन लहर दिली तरी पल्सची सुरेख माळ मिळते, कारण व्होल्टेज आणि शोषण यांचं नातं सरळ रेषेचं नाही. जपानच्या केडीडीमध्ये सुझुकींच्या गटाने नव्वदच्या दशकात हीच युक्ती सॉलिटॉनच्या प्रयोगांसाठी वापरली. पण ४०० किलोमीटरसाठी मी ईएमएलवर थांबणार नाही.

तुमच्यासाठी योग्य जोडी आहे अखंड डीएफबी आणि लिथियम नायोबेटचा माख-झेंडर मॉड्युलेटर. प्रकाश दोन वाटांनी जातो, दोन्हींना उलटसुलट व्होल्टेज दिलं तर एकीत फेज जितकी पुढे तितकीच दुसरीत मागे, आणि एकत्र आल्यावर चर्प जवळपास शून्य. एक्स-कट (स्फटिक कापायची एक दिशा) मॉड्युलेटरमध्ये हे बांधणीतच येतं. तुम्हाला पल्सच हव्या असतील, म्हणजे आरझेड (प्रत्येक बिटमध्ये प्रकाश शून्यावर परत येतो), तर असे दोन मॉड्युलेटर एकामागे एक लावा: पहिला घड्याळावर पल्स कोरतो, दुसरा त्यावर डेटा लिहितो. कोरणाऱ्याला १० गिगाहर्ट्झ घड्याळ द्या, बायस मधल्या बिंदूवर, झोका एक व्ही-पाय (झडप पूर्ण उघडी ते पूर्ण बंद करणारं व्होल्टेज), की ५० टक्क्यांच्या पल्स मिळतात, ५० पिकोसेकंद रुंद. घड्याळ निम्मं करून ५ गिगाहर्ट्झ, झोका दुप्पट आणि बायस शिखरावर ठेवला तर ३३ टक्के. तोच बायस दरीत नेला तर ६७ टक्के, आणि शेजारच्या पल्सची फेज आपोआप उलटी येते. त्याला सीएस-आरझेड म्हणतात. एकच डबा, फक्त घड्याळ, बायस आणि झोका बदलून तीन वेगळ्या पल्स. मला हे अजूनही सुंदर वाटतं.

आरझेडचा स्पेक्ट्रम एनआरझेडपेक्षा (ज्यात ओळीने आलेल्या 'एक'मध्ये प्रकाश खाली येत नाही) रुंद, म्हणजे डिस्पर्शनला तो उलट जास्त नाजूक. तरी लांबच्या लिंकवर लोक तो का वापरायचे? कारण प्रत्येक 'एक' सारखाच दिसतो. एनआरझेडमध्ये एकटा 'एक' आणि ओळीने आलेले पाच 'एक' यांचा आकार वेगळा, त्यामुळे फायबरचे नॉन-लिनियर (प्रकाशाच्या पॉवरनुसार बदलणारे) परिणाम प्रत्येकावर वेगळे होतात. आरझेडमध्ये सगळ्यांवर अन्याय सारखाच, आणि सारखा अन्याय भरून काढता येतो.

इतिहासाचा एक धागा इथे लागतो. १९८८ ची टीएटी-८ ही अटलांटिक ओलांडणारी पहिली फायबर केबल. १.३ मायक्रॉन, प्रत्येक फायबर जोडीवर २८० मेगाबिट. तिच्यात समुद्रतळाशी बसवलेले रिपीटर दर टप्प्याला प्रकाशाची वीज करायचे आणि कोरी पल्स पुढे पाठवायचे. पल्स जरा मळकी असली तरी पुढच्या रिपीटरपर्यंत पोचली की झालं. १९८७ मध्ये साउदॅम्प्टनचा पेन यांचा गट आणि बेल लॅब्जमधले देसुर्विर यांनी एर्बियम अॅम्प्लिफायर दाखवला आणि खेळ बदलला. अॅम्प्लिफायर प्रकाश वाढवतो, पल्स दुरुस्त करत नाही. १९९७ मध्ये सुरू झालेली, इंग्लंडपासून जपानपर्यंत सुमारे २८,००० किलोमीटर पसरलेली आणि वाटेत मुंबईला उतरणारी फ्लॅग केबल अशाच अॅम्प्लिफायरवर चालणारी. आता डिस्पर्शन, नॉइज, चर्प सगळं टप्प्याटप्प्याने साठत जातं आणि शेवटच्या रिसीव्हरच्या पदरात पडतं. पल्सच्या जन्माच्या वेळची स्वच्छता तेव्हापासून इतकी महाग झाली.

मोड-लॉक्ड लेझरबद्दल माझा राग आहे असं समजू नका. प्रयोगशाळेत मी एक सांभाळलेला आहे. २० मीटरची एर्बियम रिंग; प्रकाशाला एक फेरी मारायला १०० नॅनोसेकंद, म्हणजे मूळ वारंवारता १० मेगाहर्ट्झ. आम्हाला हवे होते १० गिगाहर्ट्झ. म्हणून आत मॉड्युलेटर लावून हजारावी हार्मोनिक (मूळ वारंवारतेची हजारपट) लॉक करायची. त्याचा अर्थ असा की रिंगमध्ये एकाच वेळी हजार पल्स फिरत असतात आणि त्या हजारांना एकमेकींसारखं राहायला भाग पाडणारं आत काहीच नसतं. एक जाड, एक रोड. हाच सुपरमोड नॉइज. वर तापमान. फायबरची प्रकाशीय लांबी अंशाला साधारण दहा लाखांत सात भाग वाढते. १० गिगाहर्ट्झवर ते ७० किलोहर्ट्झ होतात. दुपारी कुणी एसी बंद केला की लॉक सुटायचा. शेवटी रिंगचा एक भाग पिझोवर (व्होल्टेजने किंचित ताणणाऱ्या तुकड्यावर) गुंडाळला, त्याला फीडबॅक दिला, आणि दारावर पाटी लावली: एसीला हात लावू नये. असला नाजूक पाहुणा मी अॅम्प्लिफायरच्या खोलीत ठेवणार नाही. मोड-लॉक्ड लेझरची खरी जागा फ्रिक्वेन्सी कोंबमध्ये, घड्याळांमध्ये आणि मोजमापात आहे.

सॉलिटॉनबद्दल. कल्पना देखणी आहे. हासेगावा आणि टॅपर्ट यांनी १९७३ मध्ये बेल लॅब्जमधून सांगितलं की फायबरचं नॉन-लिनियर वागणं डिस्पर्शनला नेमकं खोडून काढू शकतं. १९८० मध्ये मोलनॉर, स्टोलन आणि गॉर्डन यांनी ते प्रत्यक्ष दाखवलं. १९८८ मध्ये मोलनॉर आणि स्मिथ यांनी लूपमध्ये फिरवून सॉलिटॉन ४,००० किलोमीटरपलीकडे नेले. पण त्यासाठी लागणारी पॉवर रुंदीच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात वाढते. तुमच्या फायबरमध्ये १० पिकोसेकंदांच्या सॉलिटॉनला अर्धा वॅट शिखर पॉवर लागेल. १०० फेम्टोसेकंदांच्या सॉलिटॉनला पाच किलोवॅट! आणि तेवढी दिलीत तरी १५ किलोमीटरमध्ये निम्मी पॉवर फायबर खातं आणि तोल बिघडतो. इतक्या आखूड सॉलिटॉनचा रंगही रामन परिणामाने तांबड्याकडे घसरत जातो, आणि ही घसरण रुंदीच्या चौथ्या घाताच्या व्यस्त प्रमाणात वाढते. शिवाय गॉर्डन आणि हाउस यांनी १९८६ मध्ये दाखवलं की अॅम्प्लिफायरच्या नॉइजने सॉलिटॉनची वारंवारता किंचित हलते, डिस्पर्शन त्या हलण्याचं वेळेच्या चुकीत रूपांतर करतं, आणि त्या चुकीचा व्हेरियन्स अंतराच्या घनाने वाढतो. तुमच्या लिंकचा प्रश्न सॉलिटॉनने सुटत नाही, अवघड होतो.

आजच्या नव्या लिंकवर तर 'पल्सचा स्रोत' हा शब्दच मागे पडला आहे. कोहेरंट (प्रकाशाची फेजही वाचणाऱ्या) ट्रान्सीव्हरमधला लेझर अखंड चालतो, त्याच्याकडून मागणी एकच: लाइनविड्थ १०० किलोहर्ट्झच्या आसपास किंवा कमी. पल्सचा आकार डीएसपीमध्ये (सिग्नलवर गणित करणाऱ्या चिपमध्ये) आकड्यांत ठरतो, डीएसी (आकड्यांचं व्होल्टेज करणारा) आणि आयक्यू मॉड्युलेटर (उंची आणि फेज दोन्ही बदलणारा) तो प्रकाशावर उतरवतात. त्या पल्स शेजारच्या बिटमध्ये बिनधास्त घुसतात, फक्त नमुना घ्यायच्या क्षणी एकमेकींच्या वाटेत येत नाहीत. डिस्पर्शनही रिसीव्हरमध्ये गणिताने काढतात, डीसीएफची रिळं लागत नाहीत. एक गंमत मात्र आहे: लिंक जितकी लांब, तितका रिसीव्हरमधल्या स्थानिक लेझरचा फेज नॉइज त्या गणितातून वाढून बाहेर येतो. म्हणून फार लांबच्या लिंकवर पाठवणारा लेझर चांगला असून भागत नाही, ऐकणाराही तितकाच चांगला लागतो.

तुमच्या प्रकल्पासाठी मी असं मांडलं असतं. ८० किलोमीटरचे पाच टप्पे, प्रत्येकाचा लॉस कनेक्टर आणि स्प्लाइस धरून १८ डीबी. प्रत्येक टप्प्याला दोन पायऱ्यांचा एर्बियम अॅम्प्लिफायर, नॉइज फिगर ५.५ डीबी, मधल्या पायरीत डीसीएम (डिस्पर्शन भरून काढणारं मॉड्यूल). लाँच पॉवर शून्य डीबीएम. ओएसएनआर (सिग्नल आणि नॉइज यांचं गुणोत्तर) ५८ या ठरलेल्या आकड्यातून १८, ५.५ आणि पाच टप्प्यांचे ७ वजा करून २७.५ डीबी येतो. १० गिगाबिटला हे पुष्कळ झालं. एकूण डिस्पर्शन ६,८०० पिकोसेकंद प्रति नॅनोमीटर, आणि चर्प नसलेला एनआरझेड त्यातलं साधारण हजारच सोसतो, म्हणून डीसीएम सोडू नका. मग याच लिंकवर चार स्रोत चालवून बघा: अल्फा ४ चा डीएमएल, ईएमएल, माख-झेंडरचा एनआरझेड, आणि ५० टक्के आरझेड. चौघांचे आय-डायग्राम (सगळे बिट एकावर एक ठेवून काढलेली चित्रं) एका पानावर छापा. पाचवा म्हणून तुमचा १०० फेम्टोसेकंदांचाही चालवा, पण सिम्युलेशनची टाइम-विंडो आणि सॅम्पलिंग वाढवल्याशिवाय नाही, नाहीतर पसरलेली पल्स विंडोच्या एका टोकाने बाहेर पडून दुसऱ्या टोकाने आत शिरेल आणि निकाल उगाच बरा दिसेल.